उघडीप आणि हिमस्खलन

हिमस्खलनाचा धोका बर्फ पडत असताना वाढत जातो. डोंगरात हौसेने गेलेली माणसे मात्र बहुतेक वेळा बर्फ पडायचा थांबल्यावर त्यात सापडतात. वादळ चालू असताना समोरचा माणूस धड दिसत नाही, रोपवे बंद असतो, रस्ते बंद असतात, त्यामुळे वर कुणी जातच नाही. तिसऱ्या-चौथ्या दिवशी सकाळी आभाळ निळेशार होते, उतारांवर एकही पाऊलखूण नसते आणि हॉटेलांत अडकून कंटाळलेले सगळे एकदम बाहेर पडतात. पावसाळ्यातल्या उघडिपीची सवय असलेल्या माणसाला उघडीप म्हणजे संकट टळले, असे वाटते. बर्फाच्या बाबतीत मात्र आभाळ मोकळे होणे आणि उतार स्थिरावणे या दोन निरनिराळ्या घटना आहेत. त्यांच्यात काही तासांचे अंतर असते, कधी काही आठवड्यांचेही.

गुलमर्गचे उदाहरण यासाठी सोयीचे आहे. गुलमर्गचे पठार सुमारे २,६५० मीटर उंचीवर आहे आणि त्याच्या डोक्यावर अफरवटचा लांबलचक कणा उभा आहे. २००५ मध्ये गोंडोला या रोपवेचा दुसरा टप्पा सुरू झाला आणि कोंगडोरी या मधल्या स्थानकाहून सुमारे ३,९५० मीटरपर्यंत, म्हणजे जवळजवळ कण्यापर्यंत, काही मिनिटांत पोहोचता येऊ लागले. गोंडोलातून उतरून डावी-उजवीकडे थोडे चालले की आखलेल्या स्कीमार्गांची हद्द संपते आणि मोकळा डोंगर सुरू होतो. १ फेब्रुवारी २०२३ रोजी तिथल्या हापतखुड भागात हिमस्खलन झाले, त्यात पोलंडचे दोन स्कीपटू मरण पावले आणि इतर परदेशी स्कीपटूंना वाचवण्यात आले. आदल्या दिवसांत मोठी बर्फवृष्टी झाली होती. २२ फेब्रुवारी २०२४ रोजी त्याच डोंगरावर रशियाचा एक स्कीपटू दगावला. तेव्हाही सलग काही दिवसांची बर्फवृष्टी नुकतीच ओसरली होती. त्याआधी ८ फेब्रुवारी २०१० रोजी गुलमर्गच्याच परिसरात खिलनमर्गजवळ लष्कराच्या हाय अल्टिट्यूड वॉरफेअर स्कूलच्या तुकडीवर हिमस्खलन कोसळून १७ जवान मृत्युमुखी पडले. तिन्ही घटना फेब्रुवारीतल्या आहेत, आणि त्यामागे कारण आहे.

उत्तर-पश्चिम हिमालयातला हिवाळी बर्फ बहुतांशी पश्चिमी झंझावातांतून येतो. भूमध्य समुद्र आणि कॅस्पियन समुद्राच्या परिसरातून निघालेली कमी दाबाची क्षेत्रे उंचावरच्या पश्चिमी वाऱ्यांबरोबर इराण, अफगाणिस्तान ओलांडून काश्मीरवर येतात. डिसेंबर ते मार्च हा त्यांचा हंगाम. झंझावात पुढे सरकला की मागून कोरडी, थंड हवा येते. ती दक्षिणेकडे पसरते तेव्हा निफाडचा पारा घसरतो आणि द्राक्षबागांत शेकोट्या पेटतात. डोंगरात याच काळात वेगळे काही घडत असते. काश्मीरमध्ये २१ डिसेंबरपासून चाळीस दिवसांचा ‘चिल्लई कलान’ हा सर्वांत कडाक्याचा काळ मानला जातो. त्यात पडलेला पहिला बर्फ पातळ असतो, रात्री लांब आणि निरभ्र असतात. मोठी वादळे पुष्कळदा त्यानंतर येतात. कडाक्याच्या थंडीत बिघडलेल्या पातळ बर्फावर फेब्रुवारीचा जाड बर्फ येऊन बसतो, आणि हा क्रम वाईट आहे.

थंडीत बर्फ बिघडतो कसा, हे सांगितल्याशिवाय पुढचे कळत नाही. जमीन हिवाळ्यातही फारशी थंड होत नाही. बर्फाच्या पांघरुणाखाली तिचे तापमान शून्य अंशाच्या आसपास राहते. वरचा पृष्ठभाग मात्र निरभ्र रात्री उणे पंधरा-वीस अंशांपर्यंत जातो. बर्फ दीड-दोन मीटर जाड असेल तर हा फरक त्या जाडीत विभागला जातो. तो अर्धाच मीटर असेल तर दर दहा सेंटिमीटरला तीन-चार अंशांचा फरक तयार होतो. दहा सेंटिमीटरला साधारण एक अंश ही सीमा ओलांडली की बर्फाच्या आत पाण्याची वाफ खालून वर जोराने सरकू लागते. खालचे कण झिजतात, वरच्या कणांवर वाफ जमते आणि मूळच्या बारीक, एकमेकांत गुंतलेल्या कणांच्या जागी कोनदार, सुट्टे स्फटिक वाढतात. अशा थरात खड्डा खणून मूठभर बर्फ हातमोज्यावर घेतला की तो जाड रव्यासारखा बोटांतून गळतो; गोळा करू पाहिले तर होत नाही. म्हणून पातळ बर्फाचा हिवाळा निर्धोक समजणे चूक आहे. जानेवारी २०२४ मध्ये गुलमर्गची कुरणे उघडी पडल्याची छायाचित्रे देशभर छापून आली होती आणि चिंता होती ती पर्यटनाची. बर्फाच्या अभ्यासकाला मात्र अशा कोरड्या जानेवारीनंतरचा पहिला मोठा झंझावात जास्त काळजीचा वाटतो.

दुसरा कच्चा थर पृष्ठभागावर तयार होतो. महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या परिसरात दव गोठल्याच्या बातम्या दर हिवाळ्यात येतात. निरभ्र, वारा नसलेल्या रात्री जमीन आपली उष्णता आकाशाकडे टाकून हवेपेक्षाही थंड होते, हे त्याचे कारण. हिमालयातल्या बर्फावरही तेच घडते. फक्त तिथे वाफेचे आधी पाणी न होता थेट स्फटिक होतात. सकाळी बर्फावर पिसासारखी, पारदर्शक, एक-दोन सेंटिमीटर उंचीची पाती उभी दिसतात आणि स्की त्यांच्यावरून गेली की किणकिणतात. उघडी असेपर्यंत ती निरुपद्रवी असतात. पुढचे वादळ वारा न येता सुरू झाले तर ती न मोडता गाडली जातात, आणि गाडलेला हा थर कित्येक आठवडे तसाच राहतो. बर्फात खणलेल्या खड्ड्याच्या भिंतीवर तो जेमतेम पेन्सिलीच्या रेघेएवढा दिसतो. अनुभवी डोळ्यांनाही तो कधीकधी सापडत नाही.

आता वादळ. ताज्या, थंड बर्फाची घनता घनमीटरला ५० ते १०० किलोच्या घरात असते. म्हणजे मीटरभर ताजा बर्फ चौरस मीटरवर शंभर किलोपर्यंत भार टाकतो, आणि शंभर मीटर लांब-रुंद उतारावर हजार टनांच्या आसपास. भाराच्या आकड्याइतकाच त्याचा वेग महत्त्वाचा आहे. आठवडाभरात हळूहळू पडलेला मीटरभर बर्फ खालच्या थरांना दबण्याला, कण एकमेकांना चिकटण्याला वेळ देतो. तेवढाच बर्फ चोवीस तासांत पडला तर तो वेळ मिळत नाही. तासाला दोन-तीन सेंटिमीटर या गतीने काही तास बर्फ पडत राहिला की धोक्याची पायरी झपाट्याने चढते. वादळात तापमान कोणत्या दिशेने सरकते, हेही पाहायचे असते. सुरुवात थंडीत आणि शेवट उबेत झाला, तर हलक्या बर्फावर जड बर्फ बसतो. उलट क्रमाने पडलेला बर्फ तुलनेने बरा.

पण पुष्कळदा निर्णायक ठरतो तो वारा. ताशी तीस-चाळीस किलोमीटरचा वारा कण्याच्या वाऱ्याकडच्या बाजूचा बर्फ उचलतो आणि पलीकडच्या आडोशाच्या बाजूला नेऊन टाकतो. आकाशातून पडतो त्याच्या कितीतरी पट वेगाने आडोशाच्या उतारावर बर्फ साठू शकतो. गावात फूटभर पडला असेल तेव्हा कण्याखालच्या खोलगट भागात तो मीटरभर भरलेला असतो. वाऱ्याने ओढत आणलेले कण वाटेत मोडून बारीक होतात आणि बसताना घट्ट बसतात. असा बर्फ पावलाखाली टणक, भरवशाचा वाटतो, म्हणूनच फसवतो. अफरवटची गुलमर्गकडची बाजू साधारण ईशान्य-पूर्वेची आहे. झंझावाताचे वारे नैर्ऋत्य-पश्चिमेकडून येतात. म्हणजे स्कीसाठी ज्या उतारांवर सगळे जातात तेच आडोशाचे उतार. शिवाय सूर्य तिथे कमी पोहोचत असल्याने थंडीत बिघडलेला थरही तिथेच जास्त टिकतो. कण्याच्या धारेवरून बाहेर लोंबणारे बर्फाचे छज्जे वारा कोणत्या बाजूने काम करून गेला हे लांबूनही सांगतात, आणि त्यांच्या टोकापर्यंत चालत जाऊन छायाचित्र काढणारे त्यांच्याखाली काहीच नाही हे विसरतात.

या सगळ्यातून उतारावर तीन गोष्टी एकावर एक येतात: खाली जुना, कडक झालेला बर्फ किंवा गवत-खडक; मध्ये कच्चा थर; आणि वर एकसंध ताजा किंवा वाऱ्याने बसवलेला जाड थर, ज्याला स्लॅब म्हणतात. स्लॅब हिमस्खलन असे सुरू होते. एका ठिकाणी कच्चा थर मोडतो आणि काही मिलिमीटर खचतो. त्याच्यावरचा स्लॅब वाकतो, वाकताना शेजारच्या कच्च्या थरावर भार टाकतो, तोही मोडतो. ही तूट सेकंदाला वीस-तीस मीटर किंवा त्याहूनही जास्त वेगाने उतारभर पसरते. मग स्लॅबला खालून धरणारे काही उरत नाही आणि वरच्या बाजूला आडवी, काटकोनात कापल्यासारखी भेग पडून सगळा उतार एकदम निघतो. सुटा बर्फ एका बिंदूपासून सुरू होऊन खाली पंख्यासारखा पसरतो, तसे हे नाही. स्लॅबच्या मध्यभागी उभा असलेला माणूस त्या भेगेच्या खाली असतो आणि पायांखालचा तुकडा पाच-सहा सेकंदांत मोटारीच्या वेगाने धावू लागतो. कोरड्या बर्फाचे मोठे लोट ढग उठवत ताशी दोनशे किलोमीटरच्याही पुढे जातात.

तूट आडवी पसरते, यातून आणखी एक गोष्ट निघते. ती सुरू करणारा माणूस तीव्र उतारावर असलाच पाहिजे असे नाही. उताराच्या पायथ्याशी सपाटीवर चालणाऱ्याने मोडलेला थर वरपर्यंत मोडत जाऊ शकतो आणि वरचा बर्फ त्याच्यावर येऊ शकतो. वाट दरीतून जाते, आपण उतारावर चढतच नाही, हा युक्तिवाद म्हणून तोकडा पडतो.

उताराच्या कोनाबाबत सह्याद्रीत तयार झालेली नजर इथे उपयोगाची नाही. डिसेंबर-जानेवारीत केदारकंठ्याला किंवा कुलू-मनालीच्या बाजूला जाणाऱ्या महाराष्ट्रातल्या ट्रेकरला कडा म्हणजे धोका आणि मोकळा गवती उतार म्हणजे निवांतपणा, असे शिकवलेले असते. बर्फात साठ अंशांच्या कड्यावर फारसा बर्फ टिकतच नाही, तो पडता पडताच झडतो. पंचवीस अंशांखाली स्लॅब सहसा सुटत नाही. जीवघेणी हिमस्खलने ३० ते ४५ अंशांच्या उतारांवर होतात, त्यातही ३५ ते ४० अंश हा पट्टा सर्वांत वाईट, आणि चांगल्या स्कीपटूंना नेमका तोच आवडतो. नुसत्या डोळ्यांनी कोन जोखताना पाच-सात अंशांची चूक सहज होते. होकायंत्रातला किंवा फोनमधला कोनमापक काढून, स्कीची काठी उताराच्या दिशेने बर्फावर ठेवून मोजणे हे अर्ध्या मिनिटाचे काम आहे. कोनाशिवाय उताराचा आकारही पाहावा लागतो. वाटीसारखा खोलगट भाग, ओढ्याची घळ आणि खाली अचानक येणारी सपाटी या जागांत थोडाही बर्फ खोल साठतो. छातीएवढ्या खोल गाडण्यासाठी डोंगर कोसळावा लागत नाही. देवदाराचे किंवा फरचे दाट रान बर्फ धरून ठेवते; पण रानात सरळ वरून खाली गेलेला मोकळा पट्टा असेल आणि त्याच्या कडेच्या झाडांच्या फांद्या फक्त डोंगराकडच्या बाजूने तुटलेल्या असतील, तर ती हिमस्खलनाची जुनी वाट आहे. दुर्दैवाने असा पट्टाच उतरायला सर्वांत सोयीचा दिसतो.

वादळ संपल्यावर पुढे काय होते, हे प्रदेशावर अवलंबून आहे. भारतीय अभ्यासकांनी हिमालयातल्या बर्फाचे तीन पट्टे मानले आहेत. पीर पंजालसारख्या खालच्या रांगांत हिवाळा सौम्य, बर्फ ओलसर आणि जड; तो लवकर दबतो. मधल्या मुख्य हिमालयात थंडी वाढते. काराकोरममध्ये बर्फ कोरडा, हलका, वारा सतत आणि तापमान इतके कमी की कच्चा थर महिनोन्‌महिने सुधारत नाही. साधारणपणे ताज्या बर्फाचा स्वतःचा धोका दोन-तीन दिवसांत उतरतो, वाऱ्याने बसवलेला स्लॅब जास्त वेळ घेतो, आणि खाली थंडीत बिघडलेला किंवा गाडलेल्या पात्यांचा थर असेल तर दिवसांचा हिशेब उपयोगाचा राहत नाही. अशा थरावर पहिले दहा स्कीपटू सुखरूप उतरतात आणि अकरावा स्लॅबच्या पातळ जागेवरून जाताना तो थर मोडतो. आधी पडलेल्या पावलांच्या खुणा म्हणजे उतार तपासल्याचा दाखला नव्हे.

उघडिपीचा पहिला दिवस आणखी एका कारणाने वाईट असतो. तीन दिवस ढगांआड राहिलेला सूर्य एकदम ताज्या बर्फावर येतो. काश्मीरच्या अक्षांशावर फेब्रुवारीचे ऊन बऱ्यापैकी चढे असते. दुपारपर्यंत दक्षिणेकडच्या उतारांवरचा बर्फ ओला आणि जड होतो, झाडांवरचे आणि खडकांवरचे ढीग गळू लागतात, बर्फाचे छोटे गोळे उतारावरून घरंगळतात. ही शेवटची खूण कुणालाही दिसण्यासारखी आहे आणि ती दिसल्यावर त्या उताराखाली थांबणे हा निव्वळ निष्काळजीपणा ठरतो. कच्चा थर सावलीतल्या बाजूला शाबूत आणि उन्हाच्या बाजूला वरचा बर्फ सैल, अशी दोन्हीकडून कोंडी त्या दिवशी होते.

डोंगर स्वतः काही खुणा देतो. सर्वांत बोलकी खूण म्हणजे शेजारच्या, त्याच दिशेच्या उतारावर नुकतेच झालेले हिमस्खलन. दुसरी ऐकू येते: सपाट बर्फावर पाऊल टाकताच दबका धप्प असा आवाज होतो आणि आजूबाजूचा बर्फ किंचित बसल्याचे जाणवते. तो कच्चा थर मोडल्याचाच आवाज असतो, फक्त कोन नसल्याने बर्फ निघत नाही. तिसरी, पावलापासून किंवा स्कीच्या टोकापासून सुटून लांब धावणारी भेग. यातली एक जरी दिसली तरी तीस अंशांवरच्या उतारांचा विचार त्या दिवसापुरता संपतो. यात चर्चेला जागा नाही. तरी अपघातानंतरच्या वृत्तांतांत ‘आवाज आला होता, पण’ अशी वाक्ये वारंवार येतात.

खुणा दिसत नसतील तेव्हा खड्डा खणून पाहतात. ज्या दिशेच्या आणि कोनाच्या उतारावर जायचे आहे तसाच, पण छोटा आणि खाली धोका नसलेला उतार निवडायचा आणि दीड मीटरपर्यंत खणून एक उभी भिंत फावड्याने गुळगुळीत करायची. मग वरपासून खालपर्यंत थरांचा टणकपणा हाताने तपासतात: हलक्या दाबाने मूठ आत जाते का, नाहीतर चार बोटे, एक बोट, पेन्सिल, शेवटी सुरी. मूठ जाणाऱ्या थरावर पेन्सिल लागणारा थर बसलेला असेल तर तिथे थांबून नीट पाहावे लागते. त्यानंतर मागची बाजू कापून तीस सेंटिमीटर लांब-रुंद खांब मोकळा करतात, वर फावड्याचे पाते ठेवतात आणि त्यावर ठराविक रीतीने ठोकतात: दहा ठोके मनगटातून, दहा कोपरातून, दहा खांद्यातून. कितव्या ठोक्याला आणि किती खोलीवर खांब तुटला, याची नोंद करायची. तुटतो कसा, हेही पाहायचे. ओबडधोबड मोडणे वेगळे आणि वरचा ठोकळा सपाट पृष्ठभागावरून सुळकन पुढे येणे वेगळे. खांब नव्वद सेंटिमीटर रुंद घेऊन एकाच टोकाला ठोकले तर तूट पसरते की जागीच थांबते, हेही कळते, आणि स्लॅबच्या दृष्टीने ही माहिती जास्त मोलाची आहे. एका खड्ड्याचा निकाल वाईट आला तर तो मानावा. चांगला आला तर त्यावर विसंबू नये, कारण वीस मीटरवरचा बर्फ वेगळा असू शकतो. ही चाचणी नकार देण्यासाठी आहे, परवानगीसाठी नाही.

भारतात या विषयाचा पद्धतशीर अभ्यास १९६९ मध्ये मनालीला स्थापन झालेल्या स्नो अँड अॅव्हलांच स्टडी एस्टॅब्लिशमेंट या संरक्षण संशोधन संस्थेने सुरू केला. २०२० मध्ये ती दुसऱ्या एका प्रयोगशाळेत विलीन होऊन डिफेन्स जिओइन्फॉर्मॅटिक्स रिसर्च एस्टॅब्लिशमेंट झाली. तिच्या इशाऱ्यांत जिल्हा आणि उंची दिलेली असते: कुपवाडा, बांदीपोरा किंवा गांदरबलमध्ये अमुक मीटरच्या वर धोका इतका. युरोपात १९९३ पासून पाच पायऱ्यांची सामाईक श्रेणी वापरात आहे आणि तिथला अनुभव लक्षात ठेवण्यासारखा आहे. सर्वाधिक मृत्यू चौथ्या-पाचव्या पायरीवर होत नाहीत, तिसऱ्या पायरीवर होतात. पाचव्या पायरीला सगळे घरी बसतात. तिसरी ही पाचातली मधली म्हणून ‘मध्यम’ समजली जाते आणि तेव्हाच आभाळही स्वच्छ असते. प्रत्यक्षात या पायरीला काही उतार एका माणसाच्या वजनाने सुटू शकतात. इशारा प्रदेशासाठी असतो, समोरच्या उताराबद्दल त्यात काही नसते.

हौशी स्कीपटू आणि गिर्यारोहकांच्या जीवघेण्या अपघातांत दहापैकी नऊ वेळा हिमस्खलन त्या माणसाने स्वतः किंवा त्याच्याच गटातल्या कुणी सुरू केलेले असते. म्हणून गटाने कसे चालावे, याचे साधे नियम आहेत. धोक्याचा उतार एकेकाने ओलांडायचा, बाकीच्यांनी सुरक्षित जागी थांबून त्याच्यावर नजर ठेवायची. दुसऱ्याच्या वर किंवा खाली उभे राहायचे नाही. उताराच्या मध्यात विश्रांती घ्यायची नाही. शक्य तिथे सोंडेवरून चढायचे. प्रत्येकाच्या अंगावर ४५७ किलोहर्ट्झवर संदेश देणारा बीकन, पाठीवर फावडे आणि घडीची प्रोब काठी. तिन्हींपैकी एक नसेल तर उरलेल्या दोहोंचा फारसा उपयोग नाही.

ही सामग्री सोबत्यांसाठी आहे, कारण वाचवण्याची वेळ फक्त त्यांच्याच हातात असते. पूर्ण गाडला गेलेला माणूस पहिल्या दहा मिनिटांत बाहेर काढला तर जगण्याची शक्यता नव्वद टक्क्यांच्या आसपास असते. अर्ध्या तासाने ती तिसाच्या घरात येते. बहुतेकांचा जीव थंडीने जात नाही, गुदमरून जातो: थांबलेला बर्फ आवळून बसतो, छाती हलत नाही, आणि श्वासाची वाफ तोंडासमोर गोठून हवेची वाट बंद करते. बीकनने जागा सापडायला दोन-तीन मिनिटे पुरतात, मीटरभर खणायला त्याहून कितीतरी जास्त. म्हणून प्रोब लागली त्याच्या वरून खणत नाहीत. उताराच्या खालच्या अंगाने, थोडे अंतर सोडून, आडवे आत शिरतात, पुढचा माणूस बर्फ तोडतो आणि मागचे तो ओढून काढतात. हेलिकॉप्टर कितीही तत्पर असले तरी या वेळात पोहोचत नाही.

या वेळेला क्वचित अपवादही असतात. सियाचीनमध्ये ३ फेब्रुवारी २०१६ रोजी सोनम चौकीवर गाडल्या गेलेल्या दहा जवानांपैकी लान्सनायक हणमंतप्पा कोप्पद सहाव्या दिवशी जिवंत सापडले. त्या दहांत सातारा जिल्ह्यातलाही एक जवान होता. कोप्पद तंबूच्या आत हवेची पोकळी राहिल्याने इतके दिवस तगले आणि ११ फेब्रुवारीला दिल्लीत त्यांनी प्राण सोडला. तिथे कोसळला तो वादळानंतरचा स्लॅब नव्हता, ती बर्फाची भिंत होती. अशा भिंती तुटण्यावर ताज्या बर्फाचे गणित फारसे चालत नाही.

आतापर्यंतचे बहुतेक विवेचन आपणहून डोंगरात गेलेल्यांचे आहे. हिमालयात मरणारे बहुसंख्य लोक तसे नसतात. ते जवान असतात, रस्त्यावरचे मजूर असतात किंवा गावकरी असतात, आणि त्यांच्यावर येणारे हिमस्खलन आपोआप, बहुधा वादळ ऐन भरात असतानाच सुटते. फेब्रुवारी २००५ मध्ये दक्षिण काश्मीरमधील वॉल्टेंगू नाड हे गाव दोन-तीन दिवसांच्या हिमवादळात असेच गाडले गेले. दीडशेहून अधिक माणसे गेली. २८ फेब्रुवारी २०२५ रोजी उत्तराखंडातल्या माणा गावाजवळ सीमा रस्ते संघटनेच्या तळावर हिमस्खलन आले. ५४ कामगार त्यात सापडले, ४६ वाचले, आठ मरण पावले. पुष्कळ जण लोखंडी कंटेनरांत राहत होते, आणि आत हवा राहिल्याने त्यांना वेळ मिळाला. आपल्याकडच्या बातम्यांत स्कीपटू, जवान आणि मजूर सगळे एकाच ‘निसर्गाच्या कोपा’खाली घातले जातात. पहिल्याच्या बाबतीत प्रश्न निर्णयाचा असतो, दुसऱ्या-तिसऱ्याच्या बाबतीत तळ कुठे उभारला आणि वादळात तो रिकामा करायचा अधिकार कुणाला होता, याचा. ही सरमिसळ थांबली तर चौकशीही योग्य जागी होईल.

वस्ती, तळ आणि रस्ते यांच्यासाठी उपायही वेगळे लागतात. उगमाच्या उतारावर जाळ्या आणि कठडे उभारून बर्फ जागीच धरणे, वाटेत मातीचे बांध घालून लोट वळवणे, रस्त्यावर छत बांधून लोट वरून जाऊ देणे, आणि उतार रिकामा असताना स्फोटाने बर्फ लहान लहान हप्त्यांत पाडणे. बोगदा हा सर्वांत महाग उपाय. ३ ऑक्टोबर २०२० रोजी खुल्या झालेल्या ९.०२ किलोमीटरच्या अटल बोगद्याने रोहतांग घाटाचा हिवाळी अडसर दूर केला, पण बोगद्याच्या तोंडापर्यंत पोहोचणारा धुंडीकडचा रस्ता हिमस्खलनाच्या वाटा ओलांडूनच जातो. वादळानंतर तो बंद ठेवावा लागतो आणि त्या काळात बोगदा असून नसल्यासारखा होतो. सप्टेंबर २०२२ मध्ये लष्कराने आणि संरक्षण संशोधन संस्थेने उत्तर सिक्कीममध्ये सुमारे पंधरा हजार फुटांवर हिमस्खलन टिपणारे रडार बसवले. लोट सुटल्यापासून तीन सेकंदांत ते इशारा देते; अंधारात, धुक्यात आणि बर्फ पडत असतानाही ते चालते. त्या इशाऱ्यावर रस्त्याच्या दोन्ही टोकांना वाहने अडवता येतात. आधीच लोटाच्या वाटेत शिरलेल्या वाहनाला मात्र लोट खाली पोहोचेपर्यंतचाच वेळ मिळतो, म्हणून अशा पट्ट्यांत वाहन थांबवण्याला मनाई असते.